श्रवणतंत्रिकेची गाठ

मेंदूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी आठव्या तंत्रिकेवर वाढणारे सौम्य, म्हणजे कर्करोगाचे नसलेले अर्बुद. ‘अकूस्टिक न्यूरोमा’ हे त्याचे रूढ नाव दिशाभूल करणारे आहे. कारण ही गाठ बहुधा ऐकण्याच्या नव्हे, तर तोल सांभाळणाऱ्या शाखेवर उगवते आणि ती त्या शाखेला वेढणाऱ्या श्वान पेशींची असते. म्हणून ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ हेच नाव योग्य होय.

अमेरिकन शल्यचिकित्सक हार्व्ही कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठीच्या लक्षणांचा क्रम मांडला, त्यात सुरुवात कानापासून होते. एका कानाने हळूहळू कमी ऐकू येते, त्यात सतत गुणगुण राहते. बोलणाऱ्याचा आवाज कानी पडतो, पण शब्द उलगडत नाहीत, आणि फोन आपण केव्हापासून दुसऱ्याच कानाला लावू लागलो हे रुग्णाला सांगता येत नाही. गरगरणारी चक्कर मात्र त्या मानाने कमी आढळते, कारण गाठ सावकाश वाढते आणि तेवढ्या अवधीत मेंदू दुसऱ्या बाजूच्या आधारे तोल सावरून घेतो.

हा क्रम मोडणारे रुग्णही असतात आणि निदान चुकते ते बहुधा त्यांचेच. काहींचा कान एका रात्रीत बंद होतो. स्टेरॉइडने तो थोडाफार सुधारला, तरी गाठ नाही असे ठरत नाही. गाठ चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या पाचव्या तंत्रिकेवर रेलली, तर गाल बधिर होतो किंवा दाढेत विजेसारखी कळ येते व उपचार दातांवर होत राहतात. मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणारा भाग, सरकल्यामुळे अशी कळ क्वचित गाठीच्या विरुद्ध बाजूलाही येते. सातवी, चेहऱ्याची तंत्रिका गाठीवर ताणून पातळ झालेली असली, तरी चेहरा सहसा वाकडा होत नाही; तो लवकर वाकडा झाल्यास गाठ वेगळी असावी, अशी शंका घ्यावी लागते. सातव्या तंत्रिकेचे संवेदी तंतू मात्र आधी दबतात आणि कर्णनलिकेची मागची भिंत बधिर होते. वृद्धांत मेंदूभोवतालच्या द्रवाचा निचरा अडून चाल अडखळते, लघवीवर ताबा राहत नाही आणि विस्मरण वाढते. हे सारे वयावर ढकलले जाते, वास्तविक द्रवाला वाट करून दिल्यास त्यात सुधारणा होऊ शकते.

निदान गॅडोलिनियम हे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देण्याचे द्रव्य देऊन केलेल्या एमआरआयने होते. लहान गाठीवर वेळोवेळी एमआरआय करून नुसते लक्ष ठेवता येते. वाढणाऱ्या गाठीसाठी गॅमा नाइफसारखा किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया करतात. दोन्ही कानांच्या तंत्रिकांवर गाठी असल्यास बाविसाव्या गुणसूत्रावरील एनएफ-२ जनुकातील दोष शोधावा लागतो.