युरोव्हिजन गीतस्पर्धा

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन ही प्रसारण संस्थांची संघटना दरवर्षी भरवते ती थेट प्रक्षेपित गीतस्पर्धा. कल्पना सुचली इटलीतल्या सानरेमो गीतमहोत्सवावरून. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. सात देशांनी प्रत्येकी दोन गाणी सादर केली, यजमान देशच जिंकला आणि कोणाला किती गुण मिळाले हे कधीच जाहीर झाले नाही. आज मात्र स्पर्धेचा खरा तमाशा गुणमोजणीतच असतो.

गाणे तीन मिनिटांच्या आत संपावे लागते, रंगमंचावर सहापेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. मुख्य गायन थेट, पण संगीत ध्वनिमुद्रित. १९९९ पासून वाद्यवृंद गेला, त्यामुळे मंचावरचे गिटार-ड्रम केवळ दिखाव्याचे. त्याच वर्षी आपल्याच भाषेत गाण्याचे बंधनही सुटले आणि इंग्रजीचा पूर आला. दोन गाण्यांमध्ये नेपथ्य बदलायला मिनिटभरही मिळत नाही; तेवढ्या वेळात प्रेक्षकांना ‘पोस्टकार्ड’ म्हणजे पुढच्या स्पर्धकाची छोटी चित्रफीत दाखवतात.

१९६९ साली माद्रिदमध्ये चार देशांचे गुण समान झाले. बरोबरी फोडण्याचा नियमच नव्हता, म्हणून चौघेही विजेते ठरले. या निकालावरच्या नाराजीमुळे पुढच्या वर्षी सहभागी देश १६ वरून १२ वर आले. नियम मग केला गेला आणि १९९१ मध्ये उपयोगी पडला: स्वीडन व फ्रान्स दोघांचे १४६ गुण, एका देशाकडून मिळू शकणारे सर्वाधिक म्हणजे १२ गुणही सारख्याच वेळा, अखेर १० गुण जास्त वेळा मिळवणारे स्वीडन जिंकले.

प्रत्येक देश आपल्या पहिल्या दहा गाण्यांना १२, १० आणि ८ ते १ असे गुण देतो; ही पद्धत १९७५ ची. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत. २०१६ पासून अंतिम फेरीत प्रत्येक देशाच्या परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगळे मोजतात. त्याच वर्षी परीक्षकांत ऑस्ट्रेलिया पहिला आला, प्रेक्षकांत रशिया, आणि दोन्हीकडे दुसरे असलेले युक्रेन ५३४ गुणांनी जिंकले. गुण पहिल्या दहांनाच मिळत असल्याने सगळीकडे अकरावे आलेले गाणेही शून्यावर राहते. २०२१ मध्ये ब्रिटनला परीक्षकांकडून शून्य आणि प्रेक्षकांकडूनही शून्यच मिळाले.