एक दशांश सेकंदाचा वारा

अमेरिकेत वायोमिंगच्या माळरानावर ऑक्टोबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. लपायला झाड नाही, गुडघाभर उंचीची सेजब्रशची राखाडी झुडपं, आणि समोरच्या उतारावर चरणारा म्यूल डियर. खेचरासारखे लांब कान, म्हणून हे नाव. अंतर ५०० यार्ड, म्हणजे साधारण ४५७ मीटर. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय हळूहळू मिटला, तिकडे राज्य सरकारं दरवर्षी मोजून परवाने देतात.) पोटावर पडून नेम धरणाऱ्याला गाठायची असते हृदय आणि फुप्फुसांची जागा, जेमतेम वीतभर. ती हुकून गोळी पोटात किंवा पायात बसली, तर जनावर पळून जातं आणि कुठेतरी तडफडत मरतं.

नेम चुकण्याचं खापर बहुतेक जण गुरुत्वाकर्षणावर फोडतात. पण ते बिचारं सगळ्यात सरळमार्गी! साडेसहा मिलिमीटरच्या क्रीडमोर काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८२३ मीटर वेगाने निघते आणि ५०० यार्ड गाठायला तिला ०.६५ सेकंद लागतो. रायफल १०० यार्डांवर झीरो केलेली असेल, म्हणजे त्या अंतरावर जिथे नेम तिथेच गोळी बसेल अशी तिच्यावरची दुर्बीण जुळवलेली असेल, तर इथे गोळी नेमाच्या सुमारे १.४ मीटर खाली पडते. आज पडते तेवढीच उद्याही. म्हणून दुर्बिणीची चकती तेवढे खटके फिरवली की काम झालं. अट एकच, अंतर अचूक हवं. डोळ्यांच्या अंदाजात ५० यार्डांची चूक झाली की गोळी फूटभराहून जास्त वरखाली जाते, म्हणून लेझरचं अंतरमापक गळ्यात असतंच. चढ-उतारावर मात्र तिरपं अंतर धरायचं नाही, सपाटीवरचं धरायचं. ३० अंशांच्या उतारावरचे ५०० यार्ड गोळीच्या हिशेबात ४३३च भरतात.

खरा खट्याळ तो वारा.

समजा, ताशी १६ किलोमीटरचा वारा अगदी आडवा वाहतोय, म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. गोळी पाचोळ्यासारखी त्याच्याबरोबर वाहत गेली असती, तर ०.६५ सेकंदात जवळजवळ तीन मीटर सरकली असती. प्रत्यक्षात सरकते सुमारे ४२ सेंटिमीटर. हे कसं? वारा गोळीला बाजूने ढकलतो, ही आपली समजूतच अपुरी आहे. गिरक्या घेणारी गोळी वातकुक्कुटासारखी, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यासारखी, पुरती वळत नाही, पण आपलं नाक किंचित वाऱ्याकडे वळवते. मग हवेचा रोध तिला सरळ मागे न ओढता जरासा तिरका ओढतो. त्या तिरकेपणामुळे ती सरकते.

याचं गणित पाटीवर मांडता येईल इतकं सोपं आहे. हवाच नसती तर गोळी ०.५५५ सेकंदात पोचली असती. हवेमुळे लागले ०.६५. उशीर झाला ०.०९५ सेकंदाचा. या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणा, ४२-४३ सेंटिमीटर हातात येतात. म्हणजे वाऱ्याचा हिशेब गोळी किती वेळ हवेत होती यावर नाही, हवेने तिला किती रखडवलं यावर ठरतो. म्हणूनच निमुळत्या, लांबट गोळ्यांना मागणी. आणि डोंगरात विरळ हवेत तीच गोळी कमी सरकते, कमी पडते.

यातून एक उलटंच वाटणारं सत्य निघतं. .२२ रायफलच्या छोट्या गोळीला आवाजापेक्षा जास्त वेग दिला, तर ती वाऱ्यात जास्त सरकते! आवाजाच्या वेगाजवळ हवेचा रोध एकदम वाढतो आणि गोळी रखडते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये ज्या ५० मीटरच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या, त्यात अशीच .२२ची गोळी वापरतात, आणि स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असतात. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. शेजारची झेंडी हलली तरी नेमबाज थांबतो.

माळावर झेंड्या कोण लावणार? शिकारी गवत बघतो, आणि दुर्बिणीतून मृगजळ. वारा नसला की तापलेल्या हवेच्या लाटा सरळ वर चढतात, सुटला की त्या बाजूला कलंडतात. हरणाला फसवणारं म्हणून ज्याचं नाव पडलं, तेच इथे शिकाऱ्याला वाऱ्याची खबर देतं. त्यातही नळीजवळच्या वाऱ्याला जास्त महत्त्व, कारण सुरुवातीला लागलेलं वळण पुढे सगळ्या अंतरभर वाढत जातं. दरीपलीकडच्या वाऱ्याचा मात्र अंदाजच. आणि ताशी पाच-सहा किलोमीटरची चूक म्हणजे पंधरा सेंटिमीटर. अर्ध्या विताहून जास्त जागा तिथेच गेली.

एवढं करून चाप अलगद, श्वास सोडल्यावरच्या विरामात दाबला, तरी एक गोष्ट कोणत्याच यंत्रात बसत नाही. हरणाला बंदुकीचा आवाज ऐकू येण्याआधी गोळी पोचते हे खरं, पण चरता चरता ते स्वतःच्या मर्जीने एक पाऊल पुढे टाकू शकतं. त्याला तेवढा वेळ पुरतो. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबमधल्या शिकाऱ्यांनीही अतिलांब पल्ल्याच्या शिकारीवर आक्षेप घेतलेला आहे.

मग आपला पल्ला ओळखायचा कसा? जुने शिकारी एक स्वस्त युक्ती सांगतात. वाढदिवसाला केक ज्यात देतात तसली नऊ इंची कागदी डिश खुंटीला टांगायची. टेबलाचा आधार नाही, सराव नाही. बंदूक थंड असताना, माळावर जसे पडाल तसं पडून एकच गोळी झाडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या अंतरावर डिश कोरी राहू लागते, त्याच्या अलीकडे थांबायचं. पुष्कळांची डिश २५०-३०० यार्डांवरच कोरी राहते.