आर्थर व्हॉर्टन

आर्थर व्हॉर्टन (१८६५–१९३०) हा गोल्ड कोस्टमधे, म्हणजे आजच्या घानात जन्मलेला धावपटू आणि फुटबॉलचा गोलकीपर. १८८६ साली त्याने इंग्लंडची १०० यार्डांची अजिंक्यपद शर्यत जिंकली, आणि साधारण १८८५ पासून १९०२ पर्यंत उत्तर इंग्लंडातल्या डार्लिंग्टन, प्रेस्टन, रॉदरहॅम, शेफील्ड, स्टेलीब्रिज, अ‍ॅश्टन आणि स्टॉकपोर्ट अशा गावांच्या क्लबांकडून तो गोलात उभा राहिला. बहुतेक ठिकाणी त्याची ओळख 'जगातला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू' अशी दिलेली असते, ती जशीच्या तशी घेता येत नाही (खाली बघा). पण त्या 'पहिला'पायी एक गोष्ट मागे पडते, ती अशी की धावणं, फुटबॉल, क्रिकेट यातलं काहीही व्हॉर्टनसाठी फावल्या वेळचा छंद नव्हतं. ती त्याची रोजीरोटी होती, आणि त्याची सगळी कारकीर्द त्या अंगाने पाहिली तरच नीट लागते.

घराणं आणि जन्म

जन्म २८ ऑक्टोबर १८६५, अक्राच्या जेम्सटाउन भागात. वडील हेन्री व्हॉर्टन मेथडिस्ट मिशनरी होते, ते मूळचे कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचे, त्यांच्याकडे एका बाजूने स्कॉटिश आणि दुसऱ्या बाजूने आफ्रिकी वंश. आई अ‍ॅनी फ्लॉरेन्स ही फांटे लोकांच्या राजघराण्याशी नातं असलेली, आणि तिच्या माहेरीही स्कॉटिश व्यापाऱ्याचं रक्त होतं. म्हणजे मुलगा अक्राच्या त्या वेळच्या शिकल्यासवरल्या, किनाऱ्यावरच्या वरच्या थरातला. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की गरिबीतून खेळाच्या जोरावर वर आला अशी जी गोष्ट आफ्रिकी खेळाडूंबद्दल सरसकट सांगितली जाते ती इथे लागू पडत नाही, इथे प्रवास जवळजवळ उलट्या दिशेचा आहे.

इंग्लंडला कधी गेला

लोकप्रिय लेखनात वाक्य ठरलेलं आहे, 'वयाच्या १९ व्या वर्षी, १८८२ साली, मिशनरी व्हायला इंग्लंडला आला.' पण जन्म १८६५ चा धरला तर १८८२ साली तो १६-१७ वर्षांचा होता, १९ चा नव्हे. यात बहुधा दोन वेगळ्या तारखांची सरमिसळ झालीय. चरित्रकारांनी लावलेला क्रम असा आहे की १८७५ ते १८७९ तो लहान मुलगा म्हणून लंडनमधे शाळेत होता, मग घरी परतला, १८८२ ला पुन्हा आला तो स्टॅफर्डशरमधे कॅनकजवळच्या शोल हिल कॉलेजात, आणि तिथून १८८४ च्या सुमारास डार्लिंग्टनच्या क्लीव्हलंड कॉलेजात. एकोणीसचा आकडा जुळतो तो या डार्लिंग्टनच्या वर्षाशी. हाच क्रम जास्त पटण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही माहित्या बसतात. शिवाय यातून हेही दिसतं की तो काही पहिल्यांदाच बोटीतून उतरलेला नवखा पोरगा नव्हता, इंग्लंडची हवा, भाषा, शाळा हे सगळं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. धर्मोपदेशक किंवा शिक्षक व्हायचं हा बेत मात्र डार्लिंग्टनला आल्यावर मैदानाने मागे टाकला.

१०० यार्ड, १० सेकंद

३ जुलै १८८६ ला लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिजवर हौशी अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉर्टनने १०० यार्ड (९१.४४ मीटर) बरोबर १० सेकंदात काढले आणि प्रिन्स हसन चषक मिळवला. चषकाशेजारी उभा असलेला त्याचा फोटो आजही सगळीकडे तोच वापरला जातो. पुढच्या वर्षी, १८८७ ला, हे विजेतेपद त्याने राखलं.

हा जागतिक विक्रम होता का? दहा सेकंद धावल्याचे दावे त्याआधीही झाले होते, अमेरिकेत आणि इंग्लंडमधेही, पण त्या काळी वेळ हातातल्या घड्याळावर घेतली जायची, ट्रॅक उताराचा असायचा, वारा मागून असायचा, आणि सुरुवात कोणी केव्हा केली यावरूनही भांडणं व्हायची. त्यामुळे 'पहिल्यांदा १० सेकंद' म्हणण्यापेक्षा 'अधिकृत राष्ट्रीय स्पर्धेत, मान्य पंचांसमोर घेतलेली १० सेकंदांची वेळ' असं म्हणणं सुरक्षित. जुन्या संदर्भग्रंथांत विक्रम मोडल्याचं लिहिलंय, नव्यांचा कल बरोबरी केली असं लिहिण्याकडे आहे, आणि तोच ठीक वाटतो. विजेतेपदाबद्दल मात्र काही वाद नाही. साम्राज्य जोरात असलेल्या त्या दशकात, देशाच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत आफ्रिकेत जन्मलेला माणूस सलग दोन वर्षं पहिला आला ही केवढी गोष्ट होती, हे आज ध्यानात घ्यायला थोडं थांबावं लागतं.

गोलकीपर म्हणून

डार्लिंग्टनकडून खेळताना त्याच्यावर प्रेस्टन नॉर्थ एंडची नजर पडली. प्रेस्टन ही त्या वेळची देशातली सगळ्यात तगडी टीम, स्कॉटलंडहून खेळाडू आणून उभी केलेली. १८८६-८७ च्या सीझनला व्हॉर्टन तिथे होता, टीम एफए कपच्या (एफए म्हणजे इंग्लिश फुटबॉल संघटना, तिची बाद पद्धतीची स्पर्धा) सेमीफायनलला गेली आणि वेस्ट ब्रॉमिचकडून ३-१ ने हरली. १८८८ ला त्याने प्रेस्टन सोडलं. पुढच्याच सीझनला प्रेस्टनने नव्याने सुरू झालेली लीग एकही मॅच न हरता जिंकली, कपही जिंकला, आणि त्या यशाच्या यादीत त्याचं नाव येत नाही.

त्याचा खेळ समजायला तेव्हाचे नियम लक्षात घ्यावे लागतात. १९१२ पर्यंत गोलकीपरला पेनल्टी बॉक्सपुरतं बांधलेलं नव्हतं, १८८७ नंतर तर आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही बॉल हातात घेता यायचा. दुसरीकडे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गोलकीपरकडे बॉल असो नसो, फॉरवर्ड लोक त्याला खांद्याने धडक मारून आडवा करू शकत, आणि करतही. म्हणजे गोलकीपर हा काहीसा पहिलवान असावा लागे. व्हॉर्टन धडक बसायच्या आधीच जागेवरून निघालेला असायचा. गोलच्या खांबापाशी दबा धरून बसायचा आणि शेवटच्या क्षणी झेपावून बॉल मुठीने लांब मारायचा, ती मूठ म्हणे फार जबरदस्त होती. देशातला सगळ्यात वेगवान माणूस गोलात उभा करणं आज विचित्र वाटेल, त्या नियमांत ते शहाणपणाचं होतं.

त्याच्या करामतींचे किस्से पुष्कळ आहेत. सगळ्यात प्रसिद्ध किस्सा १९४२ साली शेफील्डच्या वर्तमानपत्रात आलेल्या एका वाचकाच्या पत्रातला आहे: ऑलिव्ह ग्रोव्ह मैदानावर शेफील्ड वेन्सडेविरुद्ध खेळताना व्हॉर्टनने उडी मारून वरची आडवी दांडी धरली, लटकूनच बॉल दोन पायांत पकडला, आणि धावत आलेले तीन फॉरवर्ड सरळ जाळ्यात जाऊन पडले. गोलला जाळी लावायला सुरुवात झाली १८९१ ला, त्यामुळे 'जाळ्यात' हा तपशील खरा असेल तर मॅच त्यानंतरची, म्हणजे तो रॉदरहॅमला असतानाची. पत्र घटनेनंतर जवळपास पन्नास वर्षांनी लिहिलेलं आहे हे विसरून चालत नाही, पण मैदानाचं नाव, क्लब आणि काळ एकमेकांशी जुळतात, म्हणून हा किस्सा नुसती दंतकथा म्हणून टाकून देता येत नाही.

त्या वेळच्या पेपरांत कौतुक आहे तसं हिणवणंही आहे. १८८७ मधे एका क्रीडा पत्रकाराने कपच्या मॅचमधे त्याला घेतलं तर प्रेस्टनचं काही खरं नाही असं लिहिलं आणि ते लिहिताना त्याच्या रंगावरून अत्यंत हीन शब्द वापरले. तीच करामत एखाद्या गोऱ्या गोलकीपरने केली की ती गंमत ठरायची आणि याने केली की अक्कल नाही असं ठरायचं. इंग्लंडच्या राष्ट्रीय टीममधे त्याची निवड कधी झाली नाही.

'पहिला' कोण

इथे वाद दोन आहेत आणि ते सतत एकमेकांत मिसळले जातात. एक, पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू कोण. दोन, पहिला कृष्णवर्णीय प्रोफेशनल कोण.

पहिल्याचं उत्तर व्हॉर्टन नाही हे आता जवळजवळ सगळे मान्य करतात. ब्रिटिश गयानात १८५६ ला जन्मलेला अँड्र्यू वॉटसन ग्लासगोच्या क्वीन्स पार्ककडून खेळायचा आणि मार्च १८८१ मधे त्याने स्कॉटलंडचं नेतृत्व करत इंग्लंडला लंडनमधे ६-१ ने हरवलं, तेव्हा व्हॉर्टन पंधरा वर्षांचा होता. ग्लासगोमधेच रॉबर्ट वॉकर नावाचा आणखी एक खेळाडू १८७० च्या दशकात खेळत होता असं अलीकडच्या संशोधनात पुढे आलंय, त्यामुळे वॉटसनचं 'पहिला'ही आता पक्कं राहिलेलं नाही. व्हॉर्टनचं नाव १९९० च्या दशकात आधी उजेडात आलं, वॉटसनकडे लोकांचं लक्ष नंतर गेलं, आणि तोवर व्हॉर्टनचं बिरुद पुस्तकांत, पाट्यांवर छापून झालं होतं.

दुसरा वाद जास्त गुंतागुंतीचा आहे कारण त्यात 'प्रोफेशनल' कोणाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं. इंग्लिश एफएने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली जुलै १८८५ मधे, आणि ती द्यायची पाळी आणली ती मुख्यतः प्रेस्टननेच, खेळाडूंना पैसे देतो म्हणून १८८४ ला त्यांना कपमधून बाहेर काढलं होतं. आता अशा क्लबात व्हॉर्टन १८८६ ला गेला तो फुकट खेळायला गेला असेल का? कागदावर तो हौशी होता. हौशीच राहणं त्याला भाग होतं, कारण फुटबॉलचे पैसे उघडपणे घेतले असते तर अ‍ॅथलेटिक्स संघटनेने शर्यतीतून बाद केलं असतं. 'खर्चा'च्या नावाखाली पैसे देणं तेव्हा सर्रास चालायचं, त्यामुळे काही अभ्यासक त्याचं प्रोफेशनलपण १८८६ पासूनच धरतात. पण पुरावा मागितला तर हाताशी लागतं ते १८८९ साल. १८८८ ला तो उघडपणे पैशांसाठी धावायला लागला, शेफील्डच्या बक्षिसांच्या शर्यतींत उतरला, हौशीपणाचं बंधन तिथेच संपलं, आणि पुढच्या वर्षी रॉदरहॅम टाउनशी त्याने पगारी करार केला. या क्रमाला कारणांची साखळी आहे म्हणून १८८९ च धरावं. वॉटसन १८८७ ला लिव्हरपूलजवळच्या बूटल क्लबकडून खेळला, हा क्लब पैसे द्यायचा, आणि त्याला दिले असतील तर व्हॉर्टनचं हेही 'पहिला' जातं. अशा परिस्थितीत 'आफ्रिकेत जन्मलेला पहिला प्रोफेशनल फुटबॉलपटू' इतकंच लिहिणं बरं, त्याला आजवर कोणी धक्का लावलेला नाही.

रॉदरहॅम ते स्टॉकपोर्ट

रॉदरहॅमला तो स्थिरावला. १८९० मधे तिथेच एमा लिस्टरशी लग्न केलं, खेळाबरोबर पब चालवले. फुटबॉल क्लबांचा पगार सीझनपुरता, उन्हाळ्यात हात रिकामे, म्हणून खेळाडूने पब घेणं ही तेव्हाची सर्वसाधारण सोय होती. उन्हाळ्यात तो पैसे घेऊन क्रिकेटही खेळायचा. १८९३ ला रॉदरहॅम टाउन लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमधे आलं आणि व्हॉर्टन लीगचा खेळाडू झाला. त्याच वर्षी त्याने गोल्ड कोस्टच्या वसाहत प्रशासनात नोकरीसाठी प्रयत्न केला आणि नकार आला असं चरित्रात नोंदवलंय, मैदानावर पैशांसाठी खेळणारा माणूस सरकारी हुद्द्याला शोभत नाही असा काहीसा सूर होता. त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत वरच्या जागांवरून शिकलेल्या आफ्रिकी लोकांना बाजूला सारायला सुरुवात झाली होती, तेव्हा खेळ हे सांगायचं कारण आणि खरं कारण रंग, असा अर्थ लावला तर तो चुकीचा ठरू नये. परतीची वाट तिथे बंद झाली.

१८९४ ला शेफील्ड युनायटेडने त्याला घेतलं. तिथे विशीतला गोलकीपर विल्यम फोल्क होता, जो पुढे अफाट वजनासाठी प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडकडूनही खेळला. तिशीकडे झुकलेल्या व्हॉर्टनला त्याच्यापुढे जागा मिळेना. १८९४-९५ च्या सीझनमधे जेमतेम तीन मॅच मिळाल्या, पण त्यातली संडरलंडविरुद्धची मॅच त्याला पहिल्या डिव्हिजनमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू करून गेली. हा दावा वरच्या दोन्हींपेक्षा भक्कम आहे कारण लीगची कागदपत्रं शिल्लक आहेत.

मग पुन्हा रॉदरहॅम, स्टेलीब्रिज रोव्हर्स, अ‍ॅश्टन नॉर्थ एंड (हा क्लब १८९९ ला दिवाळखोरीत गेला), पुन्हा स्टेलीब्रिज, आणि १९०१-०२ मधे स्टॉकपोर्ट काउंटीकडून दुसऱ्या डिव्हिजनच्या थोड्या मॅच. १९०२ ला खेळ थांबला.

नंतर

पुढची वर्षं यॉर्कशरच्या कोळसापट्ट्यात गेली. डॉनकास्टरजवळच्या एडलिंग्टन गावी यॉर्कशर मेन खाणीत तो मजूर होता, कोळशाच्या गाड्या ओढण्याच्या कामावर. डिसेंबर १९३० मधे, ६५ व्या वर्षी वारला आणि एडलिंग्टनच्या दफनभूमीत तिसऱ्या वर्गाच्या, नाव नसलेल्या कबरीत त्याला पुरलं. १९९७ मधे शेफील्डच्या वर्णद्वेषविरोधी फुटबॉल संस्थेने पैसे जमवून तिथे दगड बसवला, पुढच्या वर्षी फिल व्हॅसिली यांनी लिहिलेलं चरित्र आलं, आणि आज व्हॉर्टनबद्दल जे काही सांगितलं जातं त्यातलं बरंचसं त्या एका चरित्रावर उभं आहे, त्यामुळे तिथला एखादा तपशील घसरला की तो सगळीकडे घसरतो. २००३ मधे इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममधे त्याचा समावेश झाला. २०१४ ला इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, सेंट जॉर्जेस पार्कला, त्याचा मोठा ब्राँझचा पुतळा उभारला, त्यामागे डार्लिंग्टनमधल्या एका प्रतिष्ठानचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता.