टपालाने तपासलेला रोगी

एडिंबरोच्या विल्यम कलेनने ज्यांच्यावर उपचार केले, त्यांतल्या कित्येकांचं त्याने तोंडही पाहिलं नव्हतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या डॉक्टरांची एखादी केस अडली, की ते सगळी हकिगत कागदावर उतरवून त्याला पाठवत, आणि तो टपालानेच इलाज कळवी. अशी हजारो पत्रं तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जपून ठेवली आहेत.

रोगी न बघता औषध देणं आज बेजबाबदार वाटेल. पण तेव्हा डॉक्टर रोग्याला हात लावायचा तो मुख्यतः नाडी बघायला. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायची रीत आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये छापली होती, पण तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. निदानाचा सगळा भार हिस्टरीवर, म्हणजे दुखण्याच्या हकिगतीवर, आणि हिस्टरी पाकिटात घालून पाठवता येते. वय, प्रकृती, धंदा, दुखणं कधी आणि कशानंतर सुरू झालं, भूक, झोप, शौच, लघवी, नाडीचे ठोके. शिवाय आतापर्यंत काय दिलं आणि किती दिलं. हे शेवटचं राहिलं, तर फसलेलंच औषध पुन्हा लिहून येण्याची भीती.

उत्तर यायला दिवस लागत, कधी आठवडे. तापाने फणफणलेला माणूस तोवर बरा तरी व्हायचा नाहीतर जायचा. त्यामुळे टपालाचा खरा उपयोग जुनाट दुखण्यांना: अपचन, गाउट, अंगावर चढलेलं पाणी. कलेनच्या सल्ल्यात औषधांइतकाच पथ्याला मान असे: घोड्यावरून रपेट, अंगालगत फ्लॅनेल, रात्री हलकं जेवण.

घोळ व्हायचा तो मात्रेत. तेव्हाच्या मापात २० ग्रेनचा एक स्क्रुपल, ३ स्क्रुपलचा एक ड्रॅम आणि ८ ड्रॅमचा एक औंस. ड्रॅमची खूण साधारण मराठी तीनसारखी; औंसची खूण तीच, फक्त डोक्यावर एक जास्तीचा फटकारा. घाईत बोरू घसरला, की मात्रा आठपट! थेंबांचं दुखणं वेगळंच. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याहून बराच कमी, त्यामुळे अफूच्या अल्कोहोलमधल्या अर्काचा, म्हणजे लॉडनमचा, थेंब पाण्याच्या थेंबाच्या जवळपास निम्माच पडतो. त्यात बाटलीचं तोंड रुंद की अरुंद यानेही फरक पडतो. म्हणजे ‘वीस थेंब’ हे माप दोन गावांत सारखं नसायचंच. लंडनच्या औषधसंहितेने १८०९ मध्ये थेंबाऐवजी मिनिम हे ठरलेलं माप आणलं ते यामुळेच.

आणि मात्रा बरोबर पोचली, तरी भागत नसे. बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या औषधी वनस्पतीच्या पानांवर पुस्तक लिहिलं, त्यात इतर डॉक्टरांनी कळवलेल्या केसेसही घेतल्या. त्याची मात्रा वाळलेल्या पानांच्या चूर्णाची, १ ते ३ ग्रेन, दिवसातून दोनदा. पण बाकीचे डॉक्टर भराभर मोठ्या मात्रा देतात, ही त्याची तक्रार. या पानांतला डिजिटॉक्सिन शरीरातून फार हळू निघतो, अर्धा जायलाच आठवडाभर लागतो. गुण दिसत नाही म्हणून डोस वाढवावा, तर आधीचे डोस आतच साठलेले. मग ओकाऱ्या सुरू होतात आणि नाडी मंदावते. म्हणून विदरिंगने थांबायची खूणही लिहून दिली: मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी, यांपैकी एकावर जरी परिणाम दिसला, तरी औषध बंद. माझ्या मते त्याच्या सल्ल्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

आपण कुणाला काय लिहिलं हे लक्षात राहावं, म्हणून कलेन आपल्या उत्तरांच्या नकला ठेवी. आधी त्या लेखनिक हाताने उतरवत असे. १७८१ पासून कलेनने जेम्स वॉटचं नवं नक्कलयंत्र वापरायला घेतलं. (हो, वाफेच्या इंजिनवालाच वॉट.) खास शाईने पत्र लिहायचं, ती ताजी असतानाच वर ओलसर, पातळ कागद ठेवायचा आणि दोन्ही दाबातून काढायचे. कागद जास्त ओला असला, तर अक्षरं फुटत. कमी ओला असला, तर उमटतच नसत. नक्कल उलटी उठे, पण कागद इतका पातळ, की पाठीमागून अक्षरं सुलटी वाचता येत.