ताकीले: आधी जमीन, मग पाहुणे

पेरूमधल्या पुनो शहरातून लाँचने निघाले की टिटिकाका सरोवरात काही तासांनी ताकीले बेट लागते. समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरहून उंच जागा, क्वेचुआ बोलणारी दोनेक हजारांची वस्ती. इथे एखाद्या घरी उतरायचे, त्यांच्या चुलीवरचे खायचे, जमल्यास शेतात हात लावायचा. याला तिकडे ‘तुरिस्मो व्हिवेन्सियाल’, म्हणजे अनुभवाचे पर्यटन म्हणतात. नाव अलीकडचे आहे, पण त्यामागची गोष्ट जमिनीपासून सुरू होते.

स्पॅनिश अमलापासून बेटाची जमीन जमीनदारांकडे होती. पुढे सरकारने इथे राजकीय कैदी ठेवले. त्यांतला लुईस मिगेल सांचेस सेरो १९३० मध्ये चक्क देशाचा सत्ताधीश झाला. त्यानंतरच्या काळात बेटकऱ्यांनी पैसे साठवून जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेतली. पाहुणे आले तेव्हा घर कुणाचे नि बांध कुणाचा, हा प्रश्न मिटलेला होता. माझ्या मते ताकीलेचे वेगळेपण यातच आहे.

दुसरी पुंजी विणकामाची. बायका मागावर रुंद कमरपट्टे विणतात. वर्षभरातली शेतीची कामे आणि सणविधी त्यांच्या नक्षीत उतरतात. पुरुष सुयांवर ‘चुल्लो’ ही कानटोपी विणतात आणि टोपीवरून माणूस लग्नाचा की बिनलग्नाचा ते कळते. पर्यटक याला सरसकट ‘इंका’, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या साम्राज्याची कला म्हणतात. पण सुयांवरचे विणकाम आणि मेंढीची लोकर दोन्ही स्पॅनिशांबरोबर आली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या सरकारी स्वयंसेवक संस्थेच्या एका स्वयंसेवकाच्या मदतीने सहकारी पद्धतीने हा माल पेरूमधल्याच कुस्को शहरात विकला जाऊ लागला.

सत्तरच्या दशकात पाठपिशवीवाले प्रवासी येऊ लागले. आलेला पाहुणा पाळीने घरोघर वाटला जाई. शिडाच्या होड्यांना मोटारींची जुनी इंजिने बसवून बेटकऱ्यांनी वाहतूकही आपल्या हातात ठेवली, आणि खरी कमाई तिथेच होती.

नव्वदच्या दशकात पेरूचे अध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारच्या खुल्या बाजाराच्या धोरणात वाहतुकीचा हा मक्ता गेला. पुनोतल्या कंपन्यांच्या लाँच सकाळी येऊ लागल्या. जेवण, फोटो, खरेदी, आणि दुपारी परत. मुक्कामच नाही तर अनुभव कसला? २००५ मध्ये युनेस्कोने इथल्या विणकामाचा गौरव केला, तरी लाँचचे वेळापत्रक पुनोतच ठरत राहिले.