हॅमॉकची दोरी: हलकी हवी, पण कुठली?

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी, घेताना बहुतेक ट्रेकर कापडाचं वजन विचारतात आणि दोरी मात्र हाताला लागेल ती बांधतात. खरं तर झोपणाऱ्याचा सगळा भार दोरीवरच असतो, आणि सॅकचं ओझं कमी करायला भरपूर वावही तिथेच असतो. सॅमसन या अमेरिकी कंपनीची 'ॲमस्टील ब्लू' ही दोरी याचं चांगलं उदाहरण आहे. तिचा सर्वांत बारीक प्रकार 3 मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा, मीटरला 5 ग्रॅमसुद्धा न भरणारा; आणि तो तुटायला सुमारे 725 किलोचा भार लागतो.

माणूस 80 किलोचा, मग 725 कशाला? कारण दोरीवर येणारा ताण वजनावर जितका अवलंबून असतो, तितकाच कोनावरही. दोरी जमिनीशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर बरोबर 80 किलोचा ताण येतो. हॅमॉक ताठ दिसावा म्हणून तीच दोरी ओढून कोन 10 अंशांवर आणला, की ताण 230 किलो होतो. 5 अंशांवर तो 459 किलोपर्यंत जातो. माणूस तोच, झाडंही तीच. शिवाय कुणी धपकन बसलं की क्षणभर ताण याच्याही वर उसळतो. म्हणून हॅमॉक सैल, पोट सोडून टांगायचा. त्यात पाठही सुखावते, कारण अशा हॅमॉकमध्ये थोडं तिरकं झोपलं की अंग जवळपास सपाट राहतं. शांत अवस्थेत येणाऱ्या ताणाच्या निदान पाचपट ताकद दोरीत हवी, असा हिशेब मी धरते.

आता नेहमीची निवड पाहू. पॅराकॉर्ड ही बारीक दोरी सगळीकडे मिळते, स्वस्त असते, म्हणून तीच वापरली जाते. तिची घोषित ताकद 550 पौंड, म्हणजे 250 किलो. गाठ मारली की त्यातली बरीच ताकद जाते. शिवाय ती नायलॉनची असते, आणि नायलॉन ताणतं. गिर्यारोहणाच्या दोरात हाच गुण जीव वाचवतो, कारण पडणाऱ्याचा झटका दोर ताणून शोषून घेतो. हॅमॉकमध्ये मात्र त्याच गुणामुळे रात्री कमरेएवढ्या उंचीवर झोपलेला माणूस पहाटे जमिनीला टेकतो. त्यात नायलॉनचे रेणू पाणी धरून ठेवतात आणि ओली दोरी 10 ते 15 टक्के कमजोर होते. सह्याद्रीतल्या पावसाळी मुक्कामाला हे परवडणारं नाही. केव्हलार हा कृत्रिम धागा ताकदवान आहे, पण उन्हाने खराब होतं आणि पुन्हापुन्हा दुमडलं की आतून तुटत जातं. ते इथे नकोच.

ॲमस्टीलचा धागा मात्र पॉलिथिलीनचा असतो. कॅरीबॅग जिची बनते तेच रसायन! फरक आहे रेणूंच्या लांबीचा आणि मांडणीचा. कोकणातला सुंभ पाहिला असेल, तर हे लगेच कळेल. काथ्याचा एकेक तंतू वीतभर लांबीचाच असतो. पीळ देऊन ते एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून लांब दोर होतो. एकमेकांना लागून असलेली लांबी जास्त, तर पकड जास्त. पॉलिथिलीनच्या शेजारशेजारच्या रेणूंमधली ओढ अगदी क्षीण असते, पण रेणू पुरेसे लांब असतील आणि सरळ रेषेत शेजारी बसले, तर ती क्षीण ओढ हजारो ठिकाणी साठत जाते. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी हे साधलं, आणि 1979मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला. प्रचंड लांब रेणूंचं पॉलिथिलीन द्रावकात विरघळवलं की रेणूंचा गुंता सुटतो. त्या द्रावणाचा जेलसारखा धागा काढून तो अनेक पट ताणला की रेणू धाग्याच्या दिशेने सरळ होतात. हाच डायनिमा, ॲमस्टीलमधला धागा.

त्याची ताकद जिथून येते, तिथूनच त्याच्या उणिवाही येतात, आणि मला या धाग्याची खरी गंमत यातच वाटते. रेणूंमधली ओढ क्षीण असल्यामुळे तो 150 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो, म्हणून शेकोटीपासून लांब ठेवायचा. आणि तो गुळगुळीत असल्यामुळे त्यात मारलेली गाठ सरकते. न सरकणारी गाठ मारलीच, तरी तीव्र वळणाशी सगळा भार मोजक्या तंतूंवर येतो आणि निम्म्याच्या आसपास ताकद वाया जाते.

त्यामुळे या दोरीत गाठ मारत नाहीत, तिला स्प्लाइस करतात. ही दोरी 12 पेडांची, आतून पोकळ विणलेली असते. टोक निमुळतं करून दुमडलेल्या बारीक तारेने दोरीच्याच पोटात ओवायचं. भार आला की बाहेरची वीण लांब होते, आकसते आणि आतल्या टोकाला आवळते. जितकी ओढ, तितकी पकड. धागा गुळगुळीत असल्यामुळे ओवलेली लांबी पुरेशी लागते, या जाडीला सुमारे 20 सेंटिमीटर. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये बहुतेक ताकद टिकून राहते. याच तत्त्वावर लांबी कमीजास्त करता येणारा फासही करतात. त्याला व्हूपी स्लिंग म्हणतात.

एवढी बारीक दोरी झाडाला थेट गुंडाळायची मात्र अजिबात नाही. सालीच्या लगेच खालून पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जात असतं, आणि बारीक दोरीचा दाब तिथे जखम करतो. पॉलिएस्टरचा निदान अडीच सेंटिमीटर रुंद पट्टा झाडाला, आणि दोरी पट्ट्याला. पट्ट्याचं वजन वाचवायचा मोह टाळा. झाडही जिवंत आणि भक्कम हवं. वठलेल्या झाडाला टांगलेला हॅमॉक जिवावर बेतू शकतो.

बाजारात डायनिमा म्हणून काहीही विकलं जातं. एक छोटा तुकडा पाण्यात बुडवून, दाबून आतली हवा काढा. बुडाला तर तो नायलॉन किंवा पॉलिएस्टर. तरंगला तरी लगेच विश्वास ठेवू नका, कारण पॉलिप्रॉपिलीनही तरंगतं. पण त्या जाडीच्या पॉलिप्रॉपिलीनवर तुटण्याचा भार 700 किलो लिहिलेला सापडणार नाही. वापरल्यावर दोरीवर हलकी लव येते, त्याची काळजी नको. तुटलेले पेड किंवा घर्षणाने वितळून कडक, चकचकीत झालेला भाग दिसला, तर तो कापून उरलेल्या दोरीत नवी स्प्लाइस करा. लांबी पुरत नसेल, तर ती दोरी ताडपत्री ताणायला वापरा.