गोगलगाय, बिनशंखी

मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील व्हेरोनिसेलिडी कुलातला प्राणी. शास्त्रीय नाव लेव्हिकॉलिस आल्टे. पावसाळ्यात सातारा-सांगलीकडे परसातल्या कुंड्यांखाली, शेणखताच्या ढिगात व मोरीच्या कडेला आढळते.

फेर्युसाक या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले, तेही पुदुच्चेरीच्या नमुन्यांवरून. त्यामुळे ती मूळची भारतीय असा समज होणे साहजिक आहे. तथापि लेव्हिकॉलिस या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील) इतर जाती आफ्रिकेतल्या आहेत. म्हणून बहुतेक अभ्यासक तिचे मूलस्थान आफ्रिका मानतात आणि तेच मत अधिक ग्राह्य दिसते. प्राणी पहिल्यांदा जिथे नोंदला गेला ते त्याचे माहेर असतेच असे नाही. आगमनाचा काळ १८२२ पूर्वीचा, एवढेच म्हणता येते. ती बहुधा बंदरांतून, रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीबरोबर आली असावी. शंख असलेली मोठी आफ्रिकी गोगलगाय १८४७ च्या सुमारास कोलकात्यात सोडली गेली, म्हणजे हिच्यानंतर.

लांबी साधारण ७-८ सेंमी., क्वचित १२ सेंमी.पर्यंत. शंख बाहेर नाही, कातडीखालीही नाही. पाठ जाड, चामट, काळपट तपकिरी. मधोमध फिकट रेघ. उलटी करून पाहिल्यास पाय म्हणजे जेमतेम ४-५ मिमी. रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंना पाठीच्याच कातडीचा रुंद काठ. वरच्या शृंगिकांच्या (डोक्यावरच्या शिंगांसारख्या अवयवांच्या) टोकाशी डोळे असतात. खालच्या शृंगिकांची टोके दुभंगलेली. डिवचल्यास डोके आत ओढून ती खारकेसारखी पडून राहते. अरुंद पाय व जाड कातडी यांमुळे अंगातले पाणी कमी उडते. त्यामुळे इतर बिनशंखी गोगलगायींपेक्षा ती कोरड्या जागी अधिक तगते. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात दिसणारी प्रत्येक बिनशंखी गोगलगाय मात्र हीच समजू नये; सह्याद्रीत मॅरिएला ड्युसुमिएरी ही अर्धकवची जातीही आहे.

ती उभयलिंगी आहे. अंडी चिकट धाग्याने जोडलेली, ओल्या मातीत पुंजक्याने घातलेली असतात. रात्री कोवळी पाने व रोपे खाते. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट बांधावर पसरून सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचतात व मिठाच्या पाण्यात टाकतात. वेचताना हातमोजे हवेत: उंदरांच्या फुप्फुसधमनीत राहणाऱ्या अँजिओस्ट्राँगिलस कँटोनेन्सिस या कृमीच्या अळ्या हिच्या अंगात वाढतात आणि माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. कच्ची पालेभाजी नीट धुऊन घेण्याचे कारणही तेच.